नफा चोवीस लाखांचा, मग मार्चमध्ये पैसे का संपतात? व्यवसायाचा आर्थिक अंदाज स्प्रेडशीटवर कसा मांडतात

बँकेकडे कॅश क्रेडिटची, म्हणजे गरजेप्रमाणे काढता-भरता येणाऱ्या कर्जाची, मर्यादा वाढवून मागायला गेलेल्या लघुउद्योजकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘प्रोजेक्शन’चा. पुढच्या दोन-तीन वर्षांत विक्री किती होईल, खर्च किती येईल, नफा किती राहील आणि घेतलेले पैसे कशातून फिटतील, हे आकड्यांत मांडून द्या, असे बँक सांगते. बहुतेक ठिकाणी हे काम सीएच्या कार्यालयाकडे जाते, तिथून काही पानांचा सीएमए अहवाल, म्हणजे बँकेला हव्या त्या नमुन्यात मांडलेला आर्थिक अंदाज, तयार होऊन येतो आणि मालक त्यावर सही करतो. आपल्याच धंद्याविषयीच्या त्या आकड्यांतला एखादा आकडा बदलला तर बाकीचे कसे बदलतील, हे विचारले की सही करणाऱ्याजवळ बहुधा उत्तर नसते. या लेखात त्याच आकड्यांची उकल करायची आहे. उदाहरण म्हणून नागपुरातला सर्वांच्या ओळखीचा धंदा घेऊ, कुलर बनवण्याचा. हिंगणा एमआयडीसीतला एक छोटा कारखाना कल्पून पुढचे सगळे हिशेब मांडले आहेत. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण त्यांची बेरीज-वजाबाकी कोणालाही स्वतःच्या शीटवर पडताळून पाहता येईल.

मॉडेल म्हणजे नेमके काय

लग्नाचा स्वयंपाक करणारा अनुभवी आचारी यजमानाला एकच गोष्ट आधी विचारतो: पाने किती? शंभर पानांमागे तांदूळ किती, डाळ किती, तेल किती, हे प्रमाण त्याच्या डोक्यात पक्के असते. यजमानाने आदल्या दिवशी पाचशेचे सातशे केले, तरी तो यादी नव्याने विचार करून बनवत नाही. पानांचा आकडा बदलतो आणि बाकीची यादी आपोआप बदलते. आर्थिक मॉडेल म्हणजे हीच यादी. त्यात दोन प्रकारचे आकडे असतात. काही आकडे आपण बाहेरून आणून ठेवतो, उदाहरणार्थ किती कुलर विकले जातील, एका कुलरला काय भाव मिळेल, डीलर किती दिवसांनी पैसे देईल. यांना गृहीतके म्हणतात. उरलेले सगळे आकडे या गृहीतकांवरून सूत्राने निघतात. गृहीतके आणि सूत्रे एकमेकांत न मिसळता वेगळी ठेवणे, ही या कामातली पहिली शिस्त आहे, आणि माझ्या मते निम्मे कौशल्य तेवढ्यातच आहे.

संगणकापूर्वी हे काम मोठ्या हिशेबी कागदांवर होत असे आणि एक आकडा बदलला की पुढची सगळी खोडाखोड करावी लागे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ॲपल-२ संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ आणले आणि ही खोडाखोड संपली. एक्सेल त्यानंतर, १९८५ मध्ये, आधी मॅकिंटॉशवर आले. तेव्हापासून साधने पुष्कळ बदलली. आज गूगल शीट्स आणि लिब्रे ऑफिस फुकट मिळतात. मूळ कल्पना मात्र तीच राहिली आहे: एका चौकोनात आकडा, दुसऱ्या चौकोनात त्या आकड्यावर अवलंबून असलेले सूत्र.

आधी एका कुलरचा हिशेब

समजा हा कारखाना एका हंगामात ४,००० कुलर विकतो. डीलरला पडणारा भाव जीएसटी वगळून ६,००० रुपये. पत्रा, मोटर, पंप, पॅड, रंग आणि नगावर दिली जाणारी मजुरी मिळून एका कुलरला ४,५०० रुपये लागतात. हा खर्च जितके कुलर तितका होतो, म्हणून त्याला चल खर्च म्हणतात. जागेचे भाडे, कायम कामगारांचे पगार, विजेचा किमान आकार, हिशेबनिसाचे मानधन असा महिन्याला ३ लाख रुपयांचा खर्च कुलर बनो वा न बनो होतच राहतो. तो स्थिर खर्च, वर्षाला ३६ लाख.

एका कुलरमागे ६,००० वजा ४,५०० म्हणजे १,५०० रुपये हाती राहतात. ४,००० कुलरचे ६० लाख झाले, त्यातून ३६ लाख स्थिर खर्च गेला आणि नफा उरला २४ लाख. व्याज आणि आयकर अजून धरलेला नाही. स्थिर खर्च भरून निघण्यासाठी किती कुलर विकावे लागतील, तेही इथेच कळते: ३६ लाखांना १,५०० ने भागले की २,४०० येतात. याच्या खाली तोटा, याच्या वर नफा.

शीटवर हे मांडताना भाव, चल खर्च, स्थिर खर्च आणि विक्रीची संख्या असे चार आकडे चार चौकोनांत एका बाजूला ठेवावेत आणि नफ्याच्या सूत्रात त्या चौकोनांचे पत्ते द्यावेत. सूत्रात थेट ६,००० लिहिले तर ते गृहीतक सूत्राच्या पोटात दडून बसते. सहा महिन्यांनी भाव बदलला की तो आकडा कुठे कुठे लिहिला होता ते शोधत बसावे लागते. आर्थिक मॉडेल बनवणाऱ्यांत हाताने भरलेले आकडे निळ्या अक्षरांत आणि सूत्रे काळ्या अक्षरांत ठेवण्याची रीत आहे. ती पाळण्यासारखी आहे, कारण शीट दुसऱ्याच्या हाती गेल्यावर कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे त्याला विचारावे लागत नाही.

पाच टक्के सवलत किती महाग पडते

इतक्या छोट्या शीटवरही धंद्याविषयी काही अनपेक्षित गोष्टी कळतात. एप्रिलच्या मध्यात अवकाळी पाऊस झाला, हवा गार राहिली आणि विक्री २५ टक्क्यांनी घटून ३,००० वर आली, असे धरू. नफाही २५ टक्क्यांनी घटेल असे मन सांगते, पण ३,००० कुलरचे ४५ लाख, वजा ३६ लाख, म्हणजे नफा राहतो ९ लाख. विक्री पावपट घटली आणि नफा जवळजवळ दोन तृतीयांश गेला, कारण स्थिर खर्च पावसाकडे पाहून कमी होत नाही.

आता विक्री पूर्ण ४,००० ठेवू आणि डीलरच्या आग्रहाखातर भावात ५ टक्के सवलत देऊ. ६,००० चे ५,७०० झाले, कुलरमागे १,५०० ऐवजी १,२०० उरले, एकूण ४८ लाख आणि नफा १२ लाख. म्हणजे ५ टक्के सवलतीत निम्मा नफा गेला. पत्रा महागला तर काय? कुलरमागे १,८०० रुपयांचा पत्रा धरला आणि तो १० टक्क्यांनी वाढला, तर नफा १६ लाख ८० हजारांवर येतो. तिन्ही संकटांपैकी सर्वात किरकोळ वाटणारी सवलत पत्र्याच्या भाववाढीपेक्षा जास्त नुकसान करते, आणि ती देणे न देणे मालकाच्या हातात असते. पाऊस आणि पोलादाचा भाव त्याच्या हातात नसतो.

एकेक गृहीतक हलवून निकाल किती हलतो हे पाहण्याच्या या पद्धतीला संवेदनशीलता तपासणे म्हणतात. एक्सेलमध्ये ‘व्हॉट-इफ ॲनालिसिस’ या मथळ्याखाली ‘डेटा टेबल’ नावाची सोय आहे. उभ्या बाजूला भाव आणि आडव्या बाजूला विक्रीची संख्या दिली की प्रत्येक जोडीचा नफा एकाच तक्त्यात भरून येतो. ‘गोल सीक’ उलट काम करते: नफा १५ लाख हवा असेल तर किमान किती कुलर विकले पाहिजेत, हे ते शोधून देते. या उदाहरणात उत्तर ३,४०० येते.

नफा कागदावर, रोकड खात्यात

आतापर्यंतचा हिशेब वर्षाचा होता, आणि वर्षाचा हिशेब कुलरवाल्याला फसवतो. नागपुरात कुलरचा खप फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि मृगाचा पाऊस आला की थांबतो. पण एप्रिलमध्ये विकायचे कुलर एप्रिलमध्ये बनवून भागत नाही. छोट्या कारखान्याची तेवढी क्षमताच नसते. त्यामुळे बनवणे दिवाळीनंतर सुरू होते, पैसे मात्र उन्हाळ्यात येतात.

महिन्यांचा तक्ता मांडू. नोव्हेंबरमध्ये ४०० कुलर बनतात, डिसेंबरमध्ये ५००, जानेवारीत ६००, फेब्रुवारीत ७००, मार्चमध्ये ८००, एप्रिलमध्ये ७०० आणि मेमध्ये ३००; एकूण ४,०००. विक्री फेब्रुवारीत ३००, मार्चमध्ये ९००, एप्रिलमध्ये १,३००, मेमध्ये १,१०० आणि जूनमध्ये ४००, तीही ४,०००. इतवारीतला पत्रा व्यापारी आणि मोटर-पंपाचा पुरवठादार रोखीने माल देतात असे धरू. डीलर मात्र निम्मे पैसे माल घेताना आणि निम्मे दोन महिन्यांनी देतात.

नोव्हेंबरमध्ये ४०० कुलरचे १८ लाख आणि स्थिर खर्चाचे ३ लाख, असे २१ लाख बाहेर जातात आणि आत काहीच येत नाही. डिसेंबरअखेर एकूण बाहेर गेलेली रक्कम साडेसेहेचाळीस लाख होते, जानेवारीअखेर साडेशहात्तर लाख. फेब्रुवारीत पहिले ९ लाख येतात, पण त्याच महिन्यात साडेचौतीस लाख जातात. मार्चमध्ये दुकानांतून कुलर हातोहात जात असतात, कारखान्यात जेवायला फुरसत नसते, आणि नेमके त्याच महिन्याच्या अखेरीस खड्डा सर्वात खोल असतो: १ कोटी १४ लाख. एप्रिलपासून तो भरू लागतो, जुलैमध्ये हिशेब पहिल्यांदा शून्याच्या वर येतो आणि ऑक्टोबरअखेर बरोबर २४ लाख शिल्लक दिसतात. वर्षाच्या हिशेबातला नफा खोटा नव्हता. तो दिसण्याआधी १ कोटी १४ लाखांचा खड्डा ओलांडावा लागतो, एवढेच त्या हिशेबात दिसत नव्हते.

मालकाकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्वतःचे ४० लाख असतील, तर मार्चअखेर ७४ लाख कमी पडतात. आता बँकेचा हिशेब पाहू. लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशीवरून आलेली उलाढालीची पद्धत रूढ आहे: अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळते भांडवल लागते असे धरायचे, त्यातले ५ टक्के उद्योजकाने घालायचे आणि २० टक्के बँकेने द्यायचे. आपल्या कारखान्याची विक्री २ कोटी ४० लाख, तिचे २० टक्के म्हणजे ४८ लाख. लागतात ७४ लाख. मधले २६ लाख कुठून आणायचे हा प्रश्न मार्चमध्ये, म्हणजे सर्वात वाईट वेळी उभा राहतो, आणि मग तो महागड्या हातउसन्या पैशाने सुटतो. वर्षभर सारखा चालणाऱ्या धंद्याला उलाढालीची पद्धत पुरते. हंगामी धंद्यासाठी महिनावार रोकड-अंदाजावर आधारित मर्यादा ठरवण्याची पद्धतही बँकांत आहे, पण तो अंदाज अर्जदाराने मांडून दाखवल्याशिवाय तिचा विचार कोण करणार?

डीलरच्या उधारीचे गृहीतक हलवले तर चित्र आणखी बोलके होते. निम्मे रोख न देता सगळेच पैसे दोन महिन्यांनी आले, तर नफ्याच्या आकड्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही, पण खड्डा १ कोटी ६६ लाख ५० हजारांपर्यंत खोल जातो आणि त्याचा तळ मार्चऐवजी एप्रिलमध्ये येतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. शीटमध्ये मात्र कायद्यातले दिवस भरू नयेत. आपला डीलर गेल्या हंगामात प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे देत होता, ते बिलांच्या तारखांवरून काढून भरावे.

या तक्त्यात दोन गोष्टी मुद्दाम सोडल्या आहेत, त्या खऱ्या शीटमध्ये हव्यात. पहिली जीएसटी. डीलरने पैसे दिले नसले तरी बिल फाडले की कर देय होतो आणि पुढच्या महिन्यात भरावा लागतो. खरेदीवरच्या कराची वजावट मिळते, पण तिच्या वेळा वेगळ्या असतात, म्हणून त्याची स्वतंत्र ओळ ठेवावी. दुसरी गोष्ट व्याज. व्याज कर्जावर अवलंबून आणि कर्ज व्याजावर, त्यामुळे सूत्र स्वतःभोवतीच फिरू लागते आणि एक्सेल ‘सर्क्युलर रेफरन्स’ची सूचना देते. साधा उपाय असा की चालू महिन्याचे व्याज मागच्या महिनाअखेरच्या शिल्लक कर्जावर काढावे. शिवाय महिनाअखेरचे आकडे महिन्याच्या मधला ताण लपवतात. हंगामाच्या तोंडावर हाच तक्ता आठवड्यांचा करून पुढच्या तेरा आठवड्यांसाठी ठेवणारे व्यावसायिक ते याच कारणाने ठेवतात.

विक्रीचा अंदाज आणायचा कुठून

इतके सगळे ४,००० या एका आकड्यावर उभे आहे, मग तो आकडा कुठून येतो, असा आक्षेप इथे रास्त आहे. तो मागच्या वर्षांच्या विक्रीवरून येतो, पण सरासरी काढून नव्हे. ४,००० ला बाराने भागले तर महिन्याला ३३३ कुलर येतात, आणि असा एकही महिना या धंद्यात नसतो. हंगामी धंद्यात दोन प्रश्न वेगळे करावे लागतात: हंगामात एकूण किती खप होईल, आणि त्यातला कोणत्या महिन्यात किती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे स्थिर असते. आपल्या तक्त्यात फेब्रुवारीचा वाटा साडेसात टक्के, मार्चचा साडेबावीस, एप्रिलचा साडेबत्तीस, मेचा साडेसत्तावीस आणि जूनचा दहा टक्के आहे. खऱ्या धंद्यात हे वाटे मागच्या पाच-सहा हंगामांच्या बिलांवरून काढावेत. बिलांची लांबलचक यादी महिन्यावार गोळा करायला ‘पिव्होट टेबल’ हे एक्सेलमधले सर्वात उपयुक्त साधन आहे. ते शिकायला एक दुपार पुरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवघड आहे. एक्सेलमध्ये २०१६ पासून ‘फोरकास्ट.ईटीएस’ हे सूत्र आहे, जे हंगामाची लय ओळखून पुढचे महिने काढते. पण सूत्राला २०२० काय होते हे ठाऊक नसते. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला आणि कुलरचा ऐन हंगाम त्यात गेला. ते वर्ष जसेच्या तसे दिले तर सूत्र त्यातून खोटा धडा शिकेल. एखादे वर्ष वगळायचे की दुरुस्त करून घ्यायचे हा निर्णय माणसाचा असतो, आणि तो का घेतला ते शीटमध्ये त्या आकड्याशेजारी लिहून ठेवावे. फेब्रुवारीच्या अखेरीस भारतीय हवामान विभाग मार्च ते मेच्या उन्हाळ्याविषयी हंगामी अंदाज जाहीर करतो, तोही पाहावा. त्यातून कुलरची संख्या निघत नाही, पण आशावादी गृहीतक धरायचे की सावध, हे ठरवायला मदत होते.

एकच आकडा धरून न बसता तीन धरावेत: सावध ३,०००, अपेक्षित ४,००० आणि उत्तम हंगामासाठी ४,५००. खरा उपयोग हंगाम सुरू झाल्यावर होतो. फेब्रुवारी आणि मार्च मिळून हंगामाच्या ३० टक्के खप होत असेल, आणि ३१ मार्चपर्यंत १,२०० ऐवजी ९०० च कुलर गेले असतील, तर हंगाम ३,००० वर थांबण्याची शक्यता आहे. त्या तारखेपर्यंत कारखान्यात बरोबर ३,००० कुलर बनून झालेले असतात. एप्रिल-मेचे आणखी १,००० बनवले आणि ते पडून राहिले, तर ४५ लाख रुपये पुढच्या फेब्रुवारीपर्यंत गोदामात अडकतील. उन्हाळा उशिरा तापला असेल आणि एप्रिलमध्ये मागणी उसळेल, हीही शक्यता असते, म्हणून शीट ‘थांबा’ असे सांगू शकत नाही. कशाच्या बदल्यात कोणता धोका पत्करतो आहोत, तेवढे ते दाखवते.

“टॅली आहे, सीए आहे, मग हे कशाला?”

टॅली काय घडले त्याची नोंद ठेवते, आणि ते काम स्प्रेडशीटपेक्षा कितीतरी चांगले करते; हिशेबाच्या वह्या एक्सेलमध्ये ठेवू नयेत. पण डीलरला सवलत दिली तर काय होईल, हे अजून घडलेले नसते आणि त्याची नोंदही नसते. सीए मॉडेल बांधून देऊ शकतात आणि द्यावेही. डीलर किती दिवसांनी पैसे देतो आणि कोणत्या महिन्यात किती कुलर बनतात हे मात्र मालकालाच माहीत असते. गृहीतकांचे पान मालकाने भरावे आणि सूत्रांची पाने जाणकाराने तपासावीत, अशी विभागणी बरी.

“शेवटी बँकेला हवे तेच आकडे बसवतात”

हा आक्षेप निराधार नाही. किती कर्ज हवे ते आधी ठरते, मग ते बसेल इतकी विक्री उलट्या दिशेने काढली जाते. यंत्रासाठी मुदत कर्ज घ्यायचे असेल तर बँक डीएससीआर पाहते, म्हणजे वर्षात कर्जफेडीसाठी उपलब्ध होणारी रोकड त्या वर्षी भरायच्या हप्त्या-व्याजाच्या किती पट आहे ते. हे गुणोत्तर दीडपट यावे म्हणून विक्री दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढत जाते, खर्च मात्र जागच्या जागी राहतो, असे अहवाल पाहायला मिळतात. बँकेतल्या अनुभवी अधिकाऱ्याला ते दिसते. आणि त्याला नाही दिसले तरी हप्ता शीटमधून नव्हे, खात्यातून जातो. बँकेला द्यायच्या आकड्यांहून वेगळे, स्वतःसाठीचे आकडे ठेवायची वेळ आली, तर आपण झेपेल त्याहून जास्त कर्ज मागतो आहोत हे तिथेच कळायला हवे.

शीटमधल्या चुका

स्प्रेडशीटचा मोठा दोष असा की चुकलेले शीटही बरोबर शीटइतकेच नेटके दिसते. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी आठवडाभर मोजणीतून सुटल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सेल फायलीत ओतली जात होती आणि त्या फायलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या सरकारी कर्ज आणि विकासदराविषयीच्या २०१० च्या गाजलेल्या निबंधात एका सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी घेतल्या गेल्या आणि पाच देश सुटले. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने त्यांचीच फाइल मागवून ते दाखवले. त्या निबंधावरच्या टीकेत इतर, याहून मोठे मुद्देही होते, पण लोकांच्या लक्षात राहिली ती पाच ओळींची चूक.

कुलरच्या कारखान्यात हीच चूक रोज होऊ शकते. खर्चाच्या यादीखाली बेरीज आहे, कोणीतरी बेरजेच्या खाली ‘वाहतूक’ ही नवी ओळ जोडतो, आणि वाहतुकीचा खर्च कधीच नफ्यातून वजा होत नाही. दुसरा प्रकार आणखी छुपा आहे. बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या खातेउताऱ्यात आकडे पुष्कळदा मजकूर म्हणून येतात. दिसायला ते आकडेच दिसतात, पण चौकोनात डाव्या कडेला चिकटलेले असतात आणि बेरजेचे सूत्र त्यांना निमूटपणे वगळते. स्तंभ निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ चालवले की ते बहुधा सुधारतात. तारखांचेही तसेच: संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर ५ एप्रिल ही तारीख ४ मे होऊन बसते, आणि २४,००,००० हा आकडा २,४००,००० असा दिसून वाचणारा गोंधळतो. मांडणी भारतीय करणे हे शीट उघडण्याआधीचे काम आहे.

बचावाचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे ताळ्याची ओळ. आपल्या तक्त्यात वर्षाअखेरची रोकड आणि वर्षाचा नफा दोन्ही २४ लाख आले पाहिजेत. बनवलेले वजा विकलेले कुलर जूनअखेर शून्य आले पाहिजेत. असे फरक काढणारे चौकोन शीटच्या माथ्यावर ठेवावेत आणि फरक शून्य नसेल तर ते लाल व्हावेत अशी व्यवस्था करावी. एआयला सांगून सूत्रे लिहून घेणाऱ्यांना तर ही ओळ अधिकच लागते. सूत्र लिहायला एआयची चांगली मदत होते, पण तुमचा डीलर कसा वागतो हे त्याला ठाऊक नसते, आणि न सांगितलेले गृहीतक ते स्वतःच्या मनाने भरून मोकळे होते.

खड्डा लहान करण्याचा एक मार्ग

आता त्या २६ लाखांच्या तुटीकडे परत येऊ. समजा डीलरांना सांगितले की १,००० कुलरची नोंदणी जानेवारीतच पूर्ण पैसे भरून केली तर भावात ३ टक्के सूट मिळेल. सूट एकूण १ लाख ८० हजारांची होते, आणि वर पाहिल्याप्रमाणे सवलत महाग पडते. पण जानेवारीत ५८ लाख २० हजार हाती येतात. हे १,००० कुलर मार्चच्या विक्रीतले ४०० आणि एप्रिलमधले ६०० आहेत असे धरून तक्ता पुन्हा चालवला, तर खड्ड्याचा तळ एप्रिलमध्ये ७२ लाख ३० हजारांवर येतो. स्वतःचे ४० लाख वजा केले की बँकेकडून ३२ लाख ३० हजार लागतात, जे ४८ लाखांच्या मर्यादेत बसतात. दरसाल १० टक्के दराने महिनाअखेरच्या कर्जावर व्याज मोजले, तर मूळ योजनेत ते सुमारे २ लाख १४ हजार होते आणि नव्या योजनेत सुमारे ५९ हजार. व्याजातली बचत वजा केल्यावर या सवलतीचा खरा खर्च २६ हजारांच्या आसपास उरतो, आणि तेवढ्यात बाहेरून २६ लाख उभे करण्याची गरज संपते.

मंजूर मर्यादा पूर्ण वापरता येतेच असे नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. दरमहा दिल्या जाणाऱ्या मालसाठ्याच्या आणि येणे रकमांच्या विवरणावरून बँक प्रत्यक्ष काढता येणारी रक्कम ठरवते, आणि ती वेगळ्या ओळीत मांडावी लागते. जानेवारीच्या थंडीत कुलरचे पैसे आगाऊ भरायला किती डीलर तयार होतील, हे मात्र शीटला विचारून उपयोग नाही. त्यासाठी डिसेंबरमध्येच सीताबर्डी आणि सदरच्या दुकानांत जाऊन बोलावे लागेल, आणि मिळालेले उत्तर १,००० च्या जागी भरून तक्ता पुन्हा पाहावा लागेल.